तार वरून येते : पुढच्या गिअरच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

सायकल घरी आली. इथे नागपुरातच, गोपालनगरातल्या एका ओळखीच्या घरी गच्चीवर टाकीच्या आडोशाला पाच-सहा वर्षं उभी होती. ॲल्युमिनियमची फ्रेम, २६ इंची चाकं, मागे सात गिअर. पुढे तीन चक्रं आहेत, पण त्यांच्यावरून चेन हलवणारा डिरेलरच नाही. डाव्या हँडलवरचा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, तोही गायब. आधीच्या मालकाचा पुढचा गिअर जाम झाला तेव्हा कोणीतरी "काढून टाका, कटकट नको" म्हटलं आणि त्याने काढून टाकला. चेन तेव्हापासून मधल्या चक्रावर.

बाबांनी फाटकातूनच पाहिली. "काय भंगार घेऊन आली वं?"

बाबा अजनीच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. भंगार हा त्यांच्या तोंडी कौतुकाचाही शब्द असतो, त्यामुळे मी काही बोलले नाही. पाणी मारलं, चेन रॉकेल नाही म्हणून डिझेलमध्ये बुडवली, ब्रेकचे रबर बदलायचे म्हणून लिहून ठेवलं. बाकी फ्रेमला कुठे तडा नाही. मागचा गिअर दोन मिनिटांत सुरू झाला.

६ ऑक्टोबर, रविवार

ज्याला सांगते तो एकच सल्ला देतो : पुढचे गिअर आता जुने झाले, पुढे एक चक्र ठेव आणि विषय संपव. नव्या महाग सायकलींवर ते खरंच आहे. तिथे मागे अकरा-बारा चक्रं असतात आणि सगळ्यात मोठं पन्नास दातांच्या आसपास. माझ्याकडे मागे सातच, १४ ते २८ दात. म्हणून कागद घेऊन बसले.

पुढची चक्रं ४२, ३४ आणि २४ दातांची. चाकाचा एक फेरा माझ्या टायरवर सुमारे दोन मीटर पाच सेंटिमीटर भरतो (अंगणात खडूने खूण करून ढकलून मोजलं). आज चेन ३४ वर अडकलेली आहे. म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३४ भागिले २८, पेडलच्या एका फेऱ्यात अडीच मीटर. सगळ्यात जड गिअरमध्ये पाच मीटर. पुढचा गिअर चालू झाला तर हलक्या बाजूला पावणेदोन मीटर मिळतात आणि जड बाजूला सव्वासहाला जरा कमी. पावणेदोन म्हणजे फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सचा चढ बसून चढता येणं आणि अडीच म्हणजे मध्येच उतरून ढकलत नेणं.

मागे १४-३४ चं मोठं फ्रीव्हील (मागच्या चक्रांचा अख्खा गठ्ठा) लावलं तर? हलका गिअर दोन मीटरवर येतो. पण त्या फ्रीव्हीलवर २४ दातांनंतर थेट ३४ आहे. त्या उडीत पाय हवेत फिरल्यासारखे होतात. आणि जड बाजूला काहीच मिळत नाही.

ठरलं. पुढचा गिअर लावायचा.

८ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसमधून येताना डिरेलर घेतला. दुकानदाराने विचारलं, "किती स्पीड?" मी म्हटलं, "तीन गुणिले सात." त्याने डबा काढून दिला. पाच मिनिटांत काम झालं. एवढ्या लवकर झालं तेव्हाच शंका यायला हवी होती.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

बाबांनी पाने, पक्कड, व्हर्नियर, हॅक्सॉ सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. माझा नवा डिरेलरही डब्यासकट पाटावर. आज हत्याराला हात लावायचा नाही. दीक्षाभूमीकडचे रस्ते सकाळपासून माणसांनी भरलेले, बाहेर पडण्याचाही प्रश्न नव्हता. सोनं वाटलं, पुरणपोळी खाल्ली, झोपले.

१३ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस वाया. पण शिकले सगळ्यात जास्त आजच, म्हणून सविस्तर.

पहिली अडचण पट्ट्याची. डिरेलर सीटच्या नळीला एका गोल पट्ट्याने आवळून बसतो. पट्टा उघडला, नळीभोवती धरला, तर टोकं एकमेकांना भेटेनात. बोट जाईल एवढी फट. मी दाबून बोल्ट पकडवायला गेले तेवढ्यात बाबा आले.

"जबरदस्ती काऊन करून राहिली? आधी मोज तं."

व्हर्नियर घ्यायला उठले तर त्यांनी थांबवलं. शिवणाच्या डब्यातून जाड पांढरा धागा काढला, नळीला एक वेढा घेतला, जिथे मिळाला तिथे नखाने दाबून धरला आणि स्टीलच्या पट्टीवर ठेवला. अकरा सेंटिमीटर. मग मी कागदावर मांडलं. हे पट्टे तीन मापांत येतात : २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर. प्रत्येकाला पाय (३.१४) ने गुणलं तर घेर येतो जवळजवळ ९०, १०० आणि ११० मिलिमीटर. इतका सरळ हिशेब असेल असं वाटलं नव्हतं! इंचाच्या विचित्र मापांतून निघालेले आकडे, आणि धाग्यावर मात्र बरोबर एकेक सेंटिमीटरच्या अंतराने पडतात. बाबांनी लगेच त्या धाग्याला नऊ, दहा आणि अकरा सेंटिमीटरवर तीन गाठी मारल्या आणि म्हणाले, "हा ठेव. व्हर्नियर दुकानात कोणी नेऊ देत नाही."

तर फ्रेम ३४.९ ची आणि मी आणलेला पट्टा ३१.८ चा. उलटं असतं तर चाललं असतं. मोठ्या पट्ट्यात आत बसवायला अर्धगोल पट्ट्या मिळतात, त्यांनी ३४.९ चा पट्टा ३१.८ किंवा २८.६ ला बसवता येतो. लहान पट्टा मोठा करायची सोय नाही.

हे पाहत होते तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती जास्त वाईट होती. डिरेलरची तार ज्या बोल्टखाली दाबायची तो दांडा खालून ओढायचा होता. म्हणजे तार फ्रेमच्या खालच्या नळीवरून जाते, पेडलच्या धुरीखालून, बॉटम ब्रॅकेटच्या (ती धुरी बसते त्या फ्रेमच्या भागाच्या) बुडाला लावलेल्या प्लास्टिकच्या खाचेतून वळते आणि खालून वर येऊन दांड्याला ओढते. मी सायकल उलटी केली. बुडाला खाच नाही. खाच बसवायला लागणारं स्क्रूचं भोकही नाही. माझ्या फ्रेमवर तारेचे स्टॉप, म्हणजे तारेचं वेष्टण जिथे टेकून थांबतं त्या खोबणी, वरच्या नळीवर आहेत आणि एक स्टॉप सीटच्या नळीच्या पाठीमागे, साधारण वीतभर वर, तोंड खाली करून. म्हणजे इथे तार वरून येते.

वरून आलेली तार खालून ओढायच्या दांड्याला बांधली तर काय होतं ते हाताने करून पाहिलं. डिरेलरचा पिंजरा, म्हणजे ज्या दोन पत्र्यांमधून चेन जाते तो भाग, बाहेर जायच्या ऐवजी आतच बसून राहतो. कितीही ओढा.

आता वाटतं की सायकल आणली त्या दिवशी ती एकदा उलटी केली असती तरी पुरलं असतं. तार कुठून येते हे डिरेलर ठरवत नाही. ते फ्रेम बनवणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं, आपण फक्त ऐकायचं. एमटीबीवाल्यांनी (माउंटन बाईक बनवणाऱ्यांनी) तार वर का नेली हे मात्र पटलं. पावसाळ्यात हिंगण्याकडच्या कच्च्या रस्त्यावर एकदा जाऊन या. काळी माती बॉटम ब्रॅकेटच्या खाली अशी थापली जाते की वाळल्यावर खुरप्याने काढावी लागते. त्या मातीत तारेची उघडी खाच म्हणजे दर आठवड्याचं काम.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दुकानात परत गेले. "पट्टा उघडलेला दिसतो, ताई. वापरलेला माल परत नाही." पट्टा उघडल्याशिवाय तो बसत नाही हे कळणार कसं, असं विचारलं. तो हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार. साडेचारशे रुपये गेले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

या वेळी यादी घेऊन निघाले. पट्टा ३४.९. तार वरून. सर्वांत मोठं चक्र ४२, मोठ्या आणि लहान चक्रातला फरक १८ दात. मधल्या चक्राचं फ्रेमच्या मध्यरेषेपासूनचं अंतर ४७.५ मिलिमीटर. हे शेवटचं बाबांनी मोजलं : सीटच्या नळीच्या बाहेरच्या कडेपासून मधल्या चक्राच्या दातांपर्यंत ३०, त्यात नळीच्या ३४.९ चा निम्मा, साडेसतरा. एमटीबीच्या तीन चक्रांना ४७.५ किंवा ५० असतं, रोड बाईकच्या तीन चक्रांना ४५. रोडचा डिरेलर म्हणून माझ्या मोठ्या चक्रापर्यंत पोचायला कमी पडू शकतो.

इतवारीत दोन दुकानं फिरले, दोन्हीकडे नवा माल खालून ओढायचा किंवा वेगळ्या मापाचा. मग महालात एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. दुकान म्हणजे आठ फुटांची खोली आणि वर छतापर्यंत लटकणारी चाकं. काकाजींनी माझी यादी वाचली नाही, सायकल पाहिली. खाली वाकले, सीटच्या नळीमागचा स्टॉप बोटाने चाचपला.

"ही वरून ओढायची गाडी हाय. याले दोन्हीकडून ओढणारा लागते."

पत्र्याच्या डब्यातून त्यांनी दोन काढले. दोन्ही जुने शिमानो, दोन्ही दुहेरी. दांड्यावर अशी वळणदार खाच की तार खालून आली तर सरळ बोल्टखाली जाते, आणि वरून आली तर खाचेवरून वळसा घेऊन जाते, म्हणजे ओढ योग्य दिशेला लागते. आता दोघांतला कुठला? मी पट्टा मोजायला धागा काढला. काकाजींनी धाग्याकडे पाहून मान हलवली, आवडलं असावं. दोन्ही ३४.९.

मग त्यांनी एक गोष्ट केली ती मी कुठे वाचली नव्हती. एक डिरेलर हातात धरून त्याच्या पिंजऱ्याची बाहेरची पत्री माझ्या मोठ्या चक्राच्या दातांवर आडवी टेकवली. पुढच्या टोकाला पत्री दातांना चिकटली, मागच्या टोकाला मात्र चांगली जाड रेघ भरेल एवढी फट राहिली. "हा अठ्ठेचाळीसचा." दुसरा टेकवला. कमान अख्खी जुळली, ताटलीत ताटली बसावी तशी. हा ४२ चा. मोठ्या चक्रासाठी बनवलेला पिंजरा छोट्या चक्रावर लावला तर शेपटीकडे उंच राहतो, मग चेन उचलताना ढकलणं कमी आणि घासणं जास्त.

पैसे विचारले. "दीडशे द्या. अन् वायर नवी टाका, जुनी नका टाकू." वर चहा. चहा पिताना माझा ३१.८ वाला पिशवीतून काढून दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "माल चांगला हाय. गाडी चुकली."

२० ऑक्टोबर, रविवार

बसवायला घेतला. लगेच नवी भानगड : सीटच्या नळीवर बाटलीच्या जाळीचे दोन बोल्ट आहेत आणि खालचा बोल्ट बराच खाली आहे. काही डिरेलरमध्ये पट्टा पिंजऱ्याच्या वर येतो आणि पिंजरा त्याखाली झुलतो. काहींत उलटं, पट्टा खाली आणि झुलणारे सांधे वर. पहिल्या जातीचा पट्टा माझ्या बाटलीच्या बोल्टवरच आला असता. नशीब की काकाजींचा हा दुसऱ्या जातीचा आहे, पट्टा बोल्टच्या खाली आरामात बसला. नशीब म्हणते, पण खरं तर काकाजींनी ते पाहूनच दिलं असणार. यादीत माझ्या हे नव्हतंच.

उंची : पिंजऱ्याची बाहेरची पत्री आणि मोठ्या चक्राचे दात यांत १ ते ३ मिलिमीटर हवं. एक रुपयाचं नाणं व्हर्नियरवर दीडच्या आसपास भरलं. म्हणून नियम असा केला की एक नाणं सहज जावं, दोन घट्ट अडकावीत. तार नसताना स्प्रिंग पिंजऱ्याला लहान चक्राकडे ओढून धरते, म्हणून एका हाताने पिंजरा मोठ्या चक्रावर ढकलायचा, दुसऱ्याने नाणं सरकवायचं आणि तिसऱ्याने बोल्ट आवळायचा. तिसरा हात बाबांचा.

वरून पाहिलं की पिंजरा चक्राला समांतर दिसला पाहिजे. बोल्ट आवळताना तो दरवेळी थोडा फिरतो, म्हणून चार वेळा सैल करून पुन्हा केला. आवळताना जोर फार लावला नाही. पट्ट्याचा बोल्ट ५ ते ७ न्यूटन मीटरवर बसायला हवा, माझ्याकडे तसा पाना नाही, पण ॲलन की आखूड बाजूने धरली की हात आपोआप मर्यादेत राहतो. ॲल्युमिनियमची नळी चेपली तर संपलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

एका मैत्रिणीने तिच्या सायकलचा काढून ठेवलेला डावा शिफ्टर दिला होता. तीन खटक्यांचा, शिमानोचाच, सपाट हँडलचा, जवळजवळ नवा. तार तात्पुरती ओवली आणि लावला.

लहान चक्र ठीक. पहिला खटका, चेन मधल्यावर गेली, पण पिंजरा चेनला घासत राहिला. दुसरा खटका, मोठ्यावर नीट बसत नाही. तारेचा ताण बदलला. आता मोठ्यावर बसते, मधल्यावर बसत नाही. पुन्हा बदलला. तासभर हाच खेळ. स्क्रू, ताण, स्क्रू, ताण. बाबा दोनदा येऊन पाहून गेले, काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागतं.

रात्री शिफ्टर कुठल्या सायकलचा म्हणून मैत्रिणीला विचारलं. सपाट हँडलची रोड बाईक. तिथेच उत्तर होतं. शिमानोच्या मागच्या गिअरमध्ये ७, ८, ९ स्पीडपर्यंत रोडचा शिफ्टर एमटीबीच्या डिरेलरवर चालून जातो, एखादा जुना अपवाद सोडला तर. तीच सवय मी पुढच्या गिअरला लावली. पुढे तसं नाही. एका खटक्यात किती तार ओढायची हा हिशेब रोडचा वेगळा आणि एमटीबीचा वेगळा. दोन टोकं जुळवाल, पण मधलं चक्र कायम चुकणार. हँडल सपाट दिसलं म्हणून मी एमटीबीचा धरून चालले.

तो शिफ्टर पुसून परत दिला.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

भावाने विचारलं काय पाहिजे. केबल कटर. त्याने दोनदा विचारलं, कानातलं वगैरे काही नको का म्हणून. केबल कटर.

९ नोव्हेंबर, शनिवार

शिफ्टरचा प्रश्न खटकेच काढून टाकून सोडवला. जुन्या पद्धतीचा, अंगठ्याने ढकलायचा, आत फक्त घर्षणावर थांबणारा थंब शिफ्टर आणला. इतवारीत ऐंशी रुपयांना मिळाला. याला चक्रं किती, रोड की एमटीबी, काही ठाऊक नसतं. जेवढं ढकलाल तेवढी तार ओढली जाते आणि तिथेच थांबते. पिंजरा चेनला जरा घासतोय असा आवाज आला की केसभर मागे-पुढे करायचं. मागे सात गिअर असलेल्या सायकलवर ही सोय उलट चांगलीच. खटक्याच्या शिफ्टरला मागच्या टोकाच्या गिअरवर घासणारी चेन तशीच सोसावी लागते, याला नाही.

लोक याला मागासलेला म्हणतील. म्हणोत.

आता तारेची वाट. डाव्या हँडलवरून आउटर (तारेवरचं जाड वेष्टण) हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीला, हलकासा वळसा घेऊन वरच्या नळीच्या पहिल्या स्टॉपमध्ये. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. डावीकडे वळवलं की आउटर कुठे अडकत नाही, उजवीकडे वळवलं की ताणला जात नाही. रंगाला घासतो तिथे पारदर्शक चिकटपट्टी. स्टॉपपासून पुढे उघडी तार वरच्या नळीच्या कडेने मागच्या स्टॉपपर्यंत. तिथून पुन्हा आउटरचा एक लहान तुकडा, वरच्या नळीवरून सीटच्या नळीमागच्या खालच्या तोंडाच्या स्टॉपपर्यंत, आणि मग उघडी तार सरळ खाली डिरेलरवर. हा लहान तुकडा सगळ्यात त्रासदायक. आखूड कापला तर कोनात मोडतो आणि तार आत घासते. लांब कापला तर बाहेर फुगून पेडल मारताना मांडीला लागतो. तीन तुकडे कापले, तिसरा बसला.

तारेचं टोक दांड्यावरच्या खाचेवरून वळवून बोल्टखाली नेलं. पहिल्यांदा वळसा न घेता सरळ बोल्टखाली दाबलं होतं. तार धरली खरी, पण अंगठा अर्धा फिरवला तरी पिंजरा जागचा हलेना. खाचेतून नेली आणि काम झालं. दोन मिलिमीटरचा फरक, तोही तारेच्या कुठल्या बाजूला बोल्ट आहे एवढाच.

मग डिरेलरवरचे दोन स्क्रू, पिंजरा आत आणि बाहेर किती जावा हे ठरवणारे. एल लिहिलेला स्क्रू : चेन पुढे लहान चक्रावर, मागे सगळ्यात मोठ्यावर. पिंजऱ्याची आतली पत्री चेनला लागू नये पण अर्ध्या मिलिमीटरच्या वर दूरही राहू नये. दूर राहिली तर चेन आत, फ्रेमकडे पडते. एच : चेन पुढे मोठ्यावर, मागे सगळ्यात लहान चक्रावर. इथे उलट बाहेरची पत्री. चुकलं तर चेन पेडलच्या दांड्यात जाऊन पडते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे फुटाळ्यावर ट्रायल. थंडी चांगली पडली आहे, तलावावर धुकं. चौकात तर्री पोहे, मग चढ.

चढाच्या सुरुवातीला लहान चक्रावर उतरायला अंगठा मागे घेतला. चेन तशीच मधल्यावर. अजून मागे. काही नाही. चार-पाच पेडल मारल्यावर एकदम खटकन उतरली. परत वर नेताना उलट त्रास, दोन्ही बोटांनी ढकलावं लागलं. तार कुठेतरी अडकत होती.

घरी येऊन तार सुटी करून हाताने ओढली. उघड्या भागात मोकळी. लहान तुकड्यातून ओढली की गचके. तो तुकडा काढून पाहिला आणि दोन चुका एकदम दिसल्या. एक तर तो ब्रेकचा आउटर होता, ५ मिलिमीटरचा. बाबांच्या डब्यातून उरलेला काढला होता, मापाचा वाटला म्हणून. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ओढ पडली की ती किंचित दबते आणि ओढलेल्या तारेचा थोडा भाग तिथेच खर्ची पडतो. गिअरचा आउटर ४ मिलिमीटरचा, त्यात तारा लांबीला समांतर असतात, त्या दबत नाहीत. (म्हणून कोणी तो ब्रेकला लावू नये. ब्रेकच्या जोरात त्या समांतर तारा फाटून बाहेर येऊ शकतात.) दुसरी चूक, हा तुकडा पकडीने कापला होता. टोकाचा प्लास्टिकचा आतला थर चिरडून बंद झालेला. तार त्यातून कशी गेली याचंच आश्चर्य.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुटी. सकाळी मतदान, दुपारी आउटर.

गिअरचा नवा आउटर, भावाचा केबल कटर. कापल्यावर टोक कानशीने घासून सपाट केलं आणि दाभणाने आतली नळी गोल उघडली. हे दाभणाचं बाबांनी दाखवलं. दाभण टोकात घालून हळू फिरवायचं, प्लास्टिक चमकतं तोवर. मग टोकावर पितळी टोपी. प्रत्येक स्टॉपमध्ये टोपी नीट बसली का ते नखाने दाबून पाहिलं. तार ओवताना आतून एकदाही खरखर आली नाही.

तार पक्की करण्याआधी एकदा जोरात ओढून सगळे आउटर बसवून घेतले, मग पुन्हा ताण घेतला. लोक म्हणतात नवी तार ताणली जाते. तार फारशी ताणली जात नाही, आउटरची टोकं आपापल्या खाचेत बसतात आणि तेवढी ढील येते. आधीच बसवून घेतलं की पहिल्या आठवड्याचा त्रास वाचतो.

बाबांनी शिफ्टर तीनदा पुढेमागे केला. "आता बरोबर हाय."

२४ नोव्हेंबर, रविवार

फुटाळा ते सेमिनरी हिल्स, टीव्ही टॉवर चौकापर्यंत. न उतरता. चढ लागायच्या थोडं आधी, पायात जोर नसताना, अंगठा मागे, चेन २४ वर. चढावर जोर लावून असताना बदलायला गेलं तर कुठलाही डिरेलर चिडतो, ते आधीच करायला हवं. येताना उतारावर ४२ वर नेली. एकदा घासल्याचा आवाज आला, केसभर मागे घेतलं, थांबला.

चेन मोठ्यावर असताना मागे सगळ्यात मोठ्या चक्रावर नेली की ती फार तिरकी चालते आणि करकरते. ते बिघाड नाही, तो गिअर वापरायचाच नाही.

दुपारी शेजारचा पोट्टा आला, अकरावीतला. त्याच्याही सायकलचा पुढचा गिअर तुटलेला. म्हणे, "ताई, तुमच्याकडं एक जास्तीचा हाय म्हणे." बाबांनी सांगितलं असणार. मी त्याच्या हातात तीन गाठींचा धागा दिला. त्याने सीटच्या नळीला वेढा घेतला, दुसऱ्या गाठीवर मिळाला. ३१.८. मग सायकल उलटी करायला लावली. बॉटम ब्रॅकेटखाली प्लास्टिकची खाच होती, मातीने बुजलेली. खुरपं आणायला तो घरी पळाला.